कडुनिंबावरची गुळवेल

११ जुलै
शेजारच्या शेवंताताईंची साखर वाढलीय. त्यांच्यासाठी गुळवेल आणली, उलव्याच्या रस्त्यालगतची. वेल कडुनिंबावर चढलेली हवी, आंब्यावरची नको, हे आईनं शिकवलेलं. झाड नीट पाहून घेतलं. शे.ताई खूश. "सुमन, तुझा हात गुनाचा हाय." रोज सकाळी काढा घ्यायला सांगितलं.

२० जुलै
पुन्हा त्याच झाडाकडे. या वेळी तिथे कारखान्याचा टँकर. पाइप बुंध्याशी सोडलेला. काळं पाणी, उग्र वास. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हा, साडी खराब होईल."
न कापता परत.
शे.ताईंना म्हटलं, वेल संपली. टँकरचं नाही सांगितलं. म्हणाल्या, "हायेत अजून कांड्या. पुरवून पुरवून घेईन."
तशीच घरी आले.

२१ जुलै
पहिल्या दिवशीही वेलीला तोच वास आला होता. थोडा. म्हणून तर दोनदा धुतली.

५ ऑगस्ट
शे.ताईंचे डोळे पिवळे. नीलेशनं, त्यांच्या मुलानं, खारघरच्या दवाखान्यात ठेवलं. लिव्हर.

६ ऑगस्ट
दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, काही काढा, चूर्ण, झाडपाला?"
"नाय. कायपन नाय." माझ्याकडे न बघता.
नीलेश औषधं आणायला गेला तेव्हा म्हटलं, सांगा ना त्यांना.
"गप बस. नीलेशला कललं त तुझं तोंड नाय बघनार. आनि ती डाक्तरीन केवढीशी! कडुनिंब दाखवला त कढीपत्ता समजंल."
हसल्या. ओठ कोरडे.
मला वाचवतायत. आणि टँकरचं त्यांना माहीतच नाही.

७ ऑगस्ट
डॉक्टरबाईंना व्हरांड्यात गाठलं. सांगितलं, रोज गुळवेल घेत होत्या.
"नुसत्या गुळवेलीनंही कुणाकुणाच्या लिव्हरला त्रास होतो. की त्यात आणखी काही होतं, ते बघावं लागेल. कुठून आणली?"
"बाजारातून."
आसपास कोणी नव्हतं. नीलेशही नाही. तरी.
"उरली असेल तर उद्या घेऊन या. तपासायला पाठवू. उपचार त्यावर ठरतील."

८ ऑगस्ट
नीलेशनं घराची किल्ली दिली, आईचे कपडे आणायला. त्यांच्या फ्रिजमध्ये, डब्यात, शेवटची कांडी.
खाली भाजीवाल्याकडेही गुळवेल होती. तेवढ्याच जाडीची. घेतली. का घेतली ते
दोन्ही समोर ठेवल्यात. ओळखू येणार नाहीत कुणाला.
आत्ता नीलेशचा फोन. "मावशी, निघालात का? डॉक्टर थांबल्यात."
"हो, निघाले."
अजून बसलेलीच आहे.