माझ्या डोक्यातलं तिरकं छत

तीर्थरूप काकांच्या चरणी बंद नाकाने साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालताना नाक जमिनीला टेकतं; सध्या माझ्या नाकाचा तेवढाच उपयोग.) तुमचा गुडघा कसा आहे? काकू त्याला अजून नाटक म्हणतात का? इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे ही बरी आहे आणि मी तोंडाने श्वास घेतो आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या डोळ्यांदेखत दूध करपलं आणि मी शेजारी बसून पेपर वाचत राहिलो. वासच आला नाही. हिने आधी पातेलं घासलं, मग मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सायनस साफ करायला ऑपरेशन करायचं ठरलं, आणि त्याआधी स्कॅन. काका, तो स्कॅन पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाकाचं छत तीच मेंदूची जमीन (खाली भाडेकरू, वर मालक), आणि माझं ते छत उजवीकडे डावीकडच्यापेक्षा चांगलंच खाली उतरलेलं. तुमच्या हाताखाली शिकून ज्याने फॉल्स सीलिंगची एक शीट कधी वाकडी बसवली नाही, त्याच्याच डोक्यात हे! भरीस भर म्हणजे एक रक्तवाहिनी, जी पुष्कळांच्या हाडात लपलेली असते, ती माझ्याकडे छताखाली उघडी लोंबते आहे. असलं वायरिंग दिसलं असतं तर तुम्ही कंत्राटदाराला तिथल्या तिथे शिडीवरून उतरवलं असतंत.

मी बाईंना विचारलं, नाहीतरी आत जाताच आहात, तर छत लेव्हलला आणता येईल का. (ही टेबलाखालून माझा पाय दाबत होती.) बाई म्हणाल्या, ही रचना माणसागणिक वेगळी असते, तो काही आजार नव्हे, फक्त अंदाजाने हात वर गेला तर तिथलं कागदासारखं हाड फुटून मेंदूभोवतीचं पाणी नाकात उतरायचं. मग मी त्यांना तुमचा नियम सांगितला, की भोक पाडण्याआधी बोटाने ठोकून ऐकायचं. त्या हसल्या नाहीत.

"आम्ही ठोकत नाही," त्या म्हणाल्या, "पण हा स्कॅन समोर लावून ठेवते. दर वेळी त्याच्याकडे बघते, मगच हात पुढे नेते."

बाई पक्की कारागीर आहे. मी अगदी निर्धास्त आहे. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे, पण तुम्ही मुळीच निघू नका. त्या गुडघ्याला प्रवासाची दगदग नको.

आपला आज्ञाधारक पुतण्या

ता. क. : 'निर्धास्त' हा शब्द हिने वाचावा म्हणून लिहिला. ती आत गेली आहे, तेव्हा खरं सांगतो, मला भीती वाटते. मी वर काम करत असलो की तुम्ही खाली शिडी धरून उभे असायचात, चकार शब्द न काढता. या खेपेला मी खाली आडवा असणार आणि हात दुसऱ्याचा चालणार. तरी शिडी धरायला याल का? बाहेर नुसते बसलात तरी चालेल.

आणखी ता. क. : काका, मी सूनबाई. या घरात पाकिटं मीच चिकटवते, हे यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. काकूंना फोन केला आहे, तुमची बॅग भरून झाली. गुडघ्याचा पट्टा तेवढा बाहेर ठेवला आहे, तो घालूनच निघा. भीती मलाही वाटते आहे. ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक बाक आहे. त्यावर दोघं नीट मावतात, मी बसून बघितलं.