बारा जहाजं आणि एक घासणी

नॉटिंगहॅम, सोमवार

ती. बेरिलताईस,

धाकट्या नेव्हिलचा नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजव्याची चौकशी मुद्दाम करत नाही; तो कधीच कुरकुरत नाही, मग त्याचे लाड कशाला?) स्केगनेसला समुद्रावरून वारा सुटला असेल, तेव्हा कानाला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. इथे सगळं ठीक आहे. मी रागावलेलो नाही. तुझा फोन एकोणीस दिवस नुसता वाजतोय, त्यावरून तो बिघडला असावा असं मी धरून चाललो आहे.

त्या मंगळवारी नेमकं काय घडलं, हे तुला एकदा माझ्या बाजूने कळायला हवं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडलेली ती शिशाची, अंगठ्याएवढी जहाजं माझी नव्हतीच. डेस्मंडची होती. (डेस्मंड म्हणजे आमच्या बस डेपोतला तिकीट तपासनीस, उंच, तुझ्याकडे बघून नेहमी टोपी काढायचा तो.) निवृत्त झाल्यापासून आम्ही दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये काळ्या कापडावर ही अंतराळातली जहाजं सरकवतो, फासे टाकतो आणि शाळकरी पोरांसारखे भांडतो. ताफा त्याचा, रंगवायचं काम माझ्याकडे. येत्या शनिवारी हॉलमध्ये रंगवलेल्या ताफ्यांची स्पर्धा आहे. डेस्मंड त्यात नऊ वर्षं दुसरा येतोय, आणि या वर्षी त्याने ती बाराच्या बारा जहाजं माझ्यावर विश्वास ठेवून माझ्या हातात दिली होती.

आता रंगवणं सोपं असतं, खरं काम पुढे. नवंकोरं जहाज खेळण्यासारखं दिसतं. ते तीनशे वर्षं प्रवासात आहे असं वाटायला हवं, म्हणजे फटींत पातळ काळा रंग उतरवायचा, कडांवर कोरड्या ब्रशने चंदेरी फिरवायचं, स्पंजाच्या तुकड्याने पोपडे उडाल्यासारखे ठिपके द्यायचे, खडूची पूड घासून धुराड्यामागे काजळी आणायची. मी एकतीस वर्षं बसगाड्या धुतल्या, ताई. चिखल कुठे साचतो, धूर कुठून ओघळतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आयुष्यभर दुसऱ्यांची घाण काढली, आता पदरचे पैसे घालून स्वतःची लावतो. सहा आठवडे लावत होतो. (मध्यंतरी दोनदा ब्रश चहात बुडवला आणि एकदा रंगाचं पाणी प्यालो. चवीत फारसा फरक नाही.)

तू आलीस तेव्हा हे सगळं मी तुला समजावून सांगितलं होतं. त्यावर तू चष्मा वर करून म्हणालीस, "तीनशे वर्षांत त्या लोकांना एक फडकं मिळालं नाही होय रे?" मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण नाही. सगळ्यावर संरक्षणाचा शेवटचा हात द्यायला वार्निश संपलं होतं, ते आणायला मी दुकानात गेलो. चमक जुळवून बघायला एक जहाज कोटाच्या खिशात टाकलं. सगळा मिळून पाऊण तास. परत येतो तर तू रबरी हातमोजे घालून उभी, टबात सोड्याचं गरम पाणी, हातात तुझी ती स्केगनेसहून आणलेली हिरवी घासणी, आणि भांडी पुसायच्या फडक्यावर अकरा जहाजं अंघोळ घालून ओळीने वाळत घातलेली. वर तू हसून म्हणालीस, "आता बघ कशी माणसात आली!"

माझे डोळे पांढरे झाले. पुढे मी जे बोललो ते इथे लिहीत नाही; तुला ते पाठ असणार. तू हातमोजे काढलेस, नीट घडी करून नळावर ठेवलेस, आणि दोन दिवस आधीच दहा चाळीसची बस पकडलीस. तुझ्यासाठी भिजवलेले वाटाणे मी एकट्याने पुदिन्याची चटणी घालून तीन दिवस खाल्ले. त्याचा परिणामही लिहीत नाही.

दुपारी डेस्मंड आला. त्याला काय सांगायचं याची मी मनात तीन निरनिराळी भाषणं तयार केली होती (एकात चोर होते). त्याने भिंग काढलं, एक जहाज उचललं, मग दुसरं. असं करत अकराही पाहिली. मग तो हळूच म्हणाला, "नेव्हिल, लेका, हे तू केलंस तरी कसं?" मी भिंगातून पाहिलं, ताई. फटींतलं काळं जागच्या जागी होतं. पण वर आलेल्या कडा घासून घासून आतला धातू उघडा पडलेला, आणि अंगभर बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने तिरके. जणू अख्खा ताफा एकाच धुळीच्या वादळातून निभावून आला. माझ्या सहा आठवड्यांत जे जमलं नव्हतं ते तुझ्या पाऊण तासात झालं होतं. मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "सराव लागतो."

याची शिक्षा लगेच मिळाली. खिशातलं बारावं जहाज बाहेर निघालं, आणि डेस्मंड म्हणाला, हेही तसंच कर. केलं. सोडा तोच, घासणी तीच (तू विसरून गेलीस ती), पण ओरखडे उलट्या दिशेने तिरके उठले. अकरा जहाजं पुढे निघालेली आणि हे एकटं घाबरून माघारी पळतंय असं दिसत होतं. तेव्हा आठवलं, तू डावखुरी. ते जहाज पुन्हा रंगवलं, डाव्या हाताने घासलं. अंगठा सोलला, बाही भिजली, जहाज होतं तसंच. तिसऱ्यांदा रंगवलं आणि गेल्या गुरुवारी डेस्मंडला सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "म्हणजे हात तुझ्या बहिणीचा. आणि तिला तू घरातून घालवलीस?"

मी म्हटलं, घालवली कुठे, तीच गेली. पण त्या रात्रीपासून मला माझंच वाक्य ऐकू येतंय. "माझ्या घरात कशाला हात लावायचा नाही," असं म्हणालो मी. माझ्या घरात! ज्या नळाखाली लहानपणी तू स्टुलावर उभी राहून माझं तोंड धुतलंस, त्या नळासमोर. ताई, मी चुकलो. मला फार वाईट वाटतंय, आणि ही गोष्ट मी चार पानं फिरवून फिरवून लिहिली, कारण सरळ लिहायला लाज वाटत होती.

गुडघ्याला जप.

तुझा,
नेव्हिल

ता. क. सोबतच्या डबीत कापसात बारावं जहाज आहे, आणि तुझी घासणी. पाच मिनिटं सोड्यात, मग तुझा डावा हात. स्पर्धा शनिवारी दुपारी दोनला. टपालाने पाठवलंस तरी पोचेल. पण स्वतः घेऊन आलीस तर दहा चाळीसची बस परतीलाही असते. वाटाणे भिजवायचे की नाही ते कळव.

ता. क. दुसरं: डेस्मंडच्या प्रत्येक जहाजाला नाव असतं. याला नव्हतं. त्याला विचारून मी पोटाखाली 'बेरिल' लिहिलं आहे; भिंग घेतल्याशिवाय दिसणार नाही. तू अजून रागावलेली असशील तर ते नाव घासून काढ आणि जहाज तसंच पाठव. मी समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही.

ता. क. तिसरं: तेवढ्या नावावर मी वार्निशचे तीन हात दिले आहेत. काल तासभर तुझ्याच घासणीने घासून पाहिलं. निघत नाही.