ईशाची बॅग

ऑक्टोबर २००५, शनिवार. अमेरिकेतलं स्टेट कॉलेज नावाचं गाव.

चढावर ईशाच्या खांद्यावरची गोल्फची बॅग मी घेतली आणि तिथेच सगळं फिरलं. पट्ट्याने तिचा खांदा लाल झाला होता, बघवेना. कॉलेजच्या स्पर्धेत आपली बॅग आपणच वाहायची, हे माझ्यासारख्या अर्ध्यात कॉलेज सोडलेल्याला कोण सांगणार? तिचे दोन फटके जास्त मोजायचा दंड झाला, आणि तेवढ्याने तिची मुलींच्या टीममधली जागा गेली. मी कोचबाईंवर ओरडलो. त्या एवढंच म्हणाल्या, "बॅग तिला जड नव्हती. तुला झाली."

संध्याकाळी तिच्या रूमवर गेलो. खांदा अजून लालच.

"मी मागितली होती का मदत?"

"अगं, मला बघवेना..."

"मग बघायला येऊच नकोस ना, यार."

उठलो. दार आपटायची माझी सवय. आज बाहेर येऊन हळूच लावलं.