फ्लेक्सवरची मुलगी

पोतोतान, इलोइलो
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय मिलाग,

आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? शेजारच्या आर्सेनियाची मुलगी येत्या गुरुवारी हाँगकाँगला परत निघते आहे, तिच्याबरोबर हे पत्र आणि सुकी मासळी देते आहे. मालकिणीच्या घरात पुडा उघडू नकोस. सुट्टीच्या दिवशी बाहेर मैत्रिणींबरोबर संपव. फोन का केला नाही, असे विचारशील. आपल्या घरातल्या आतल्या भिंती प्लायवुडच्या आहेत आणि भिंतीपलीकडे जेनलिन असते. सतत असते.

इथे सर्व ठीक. मुख्याध्यापिका म्हणून माझे हे शेवटचे वर्ष. आज हारोच्या चर्चची जत्रा, सगळी गल्ली तिकडे गेली आहे. तिथे नातेवाईक भेटणार, म्हणून जेनलिन गेली नाही. मग मीही राहिले.

मुद्द्यावर येते. तुझ्या मालकिणीच्या बहिणीकडे घरकामाला लावून दे, असा मेसेज जेनलिनने तुला केला आहे. तिनेच मला सांगितले. तिला स्पष्ट 'नाही' कळव, कारणे देत बसू नकोस. कॉम्प्युटरची मानाची पदवी मिळवलेली माझी एकुलती मुलगी लोकांच्या लाद्या पुसायला जाणार नाही. तूही तेच करतेस, तुला हे लागेल. लागू दे. मी गोड बोलणारी कधीच नव्हते.

नोकरीचे अजून जमलेले नाही. मनिलाच्या कंपन्या अनुभव मागतात, इथल्या कंपन्या उत्तरच देत नाहीत. परवा आर्सेनिया कुंपणाशी येऊन म्हणाली, "मॅडम, जेनलिनला सांगा ना, आमचा प्रिंटर अडलाय." तिचा नवरा आतून ओरडला, "अगं, त्यांचा कॉम्प्युटरच चालू होईना, तुझ्या प्रिंटरचं काय घेऊन बसलीस!" मी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो लहानपणी माझ्या वर्गात होता. मुकाट्याने आत गेला.

कुंपणावरचा फ्लेक्स तुला आठवत असेल, पदवीच्या वेळी फोटो पाठवला होता. टोपी-झग्यातली जेनलिन, तिच्या दुप्पट मोठे नगरसेवक तिबुर्सिओ, आणि खाली 'आमच्या गावच्या कॉम्प्युटर तज्ज्ञाचे हार्दिक अभिनंदन'. बाकीच्या मुलांचे फ्लेक्स केव्हाच डुकरांच्या खोपटांवर गेले. आपला अजून आहे. दोऱ्या कुजल्या तेव्हा मीच नव्या बांधल्या. जेनलिन हल्ली मागच्या दाराने, आर्सेनियाच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडते. मला वाटायचे, तो रस्ता जवळचा पडतो.

गेल्या आठवड्यात तिची कॉम्प्युटरवरून मुलाखत होती. मी भिंतीच्या अलीकडे पेपर तपासत होते. समोरच्या बाईने विचारले, "शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तुम्ही स्वतः काय लिहिलंत?" मग जेनलिन म्हणाली, "हॅलो? नेट गेलं वाटतं," आणि तिने बंद केले. नेट गेलेले नव्हते. मी आत गेले.

"उत्तर का दिलं नाहीस?"

"काय देऊ?"

"जे केलंस ते."

"आई, मी जेवण केलं."

मिलाग, मला आधी कळलेच नाही. त्यांच्या गटात चौघे होते. सगळा प्रोग्रॅम एकाच मुलाने लिहिला. जेनलिनने अहवाल टाइप केला आणि परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली. सगळेच गट असे करतात म्हणे. आणि ते जेवण तरी तिने कुठे केले होते? कोंबडीचा आडोबो मी पहाटे उठून शिजवला होता. परीक्षकांनी दोनदा मागून घेतला, हे मी शाळेत चार जणींना अभिमानाने सांगितले होते.

मी म्हणाले, "मग आता शीक. काय वय झालंय तुझं?"

"शिकायचं तर आधी कुणाला तरी 'मला येत नाही' म्हणावं लागेल. कुठे उभी राहून म्हणू? कुंपणापाशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल आणि कोयता घेऊन फ्लेक्स उतरवायला गेले. एक दोरी कापली, तेवढ्यात नगरसेवकाचा माणूस मोटरसायकलवरून आला. "मॅडम, हे काय? मे महिन्यात निवडणूक, आणि साहेबांचा चेहरा उतरवताय?"

"माझ्या मुलीचा उतरवतेय."

"दोघं एकाच फ्लेक्सवर आहेत ना! राहू द्या. शाळेच्या छपराचे पत्रेही यायचेत, साहेब म्हणत होते."

पावसाळ्यात तीन वर्गांत पाणी गळते. मुले बाके ओढत कोपऱ्यात बसतात. मी स्टुलावरून उतरले. कापलेली दोरी त्याने स्वतः बांधली, पूर्वीपेक्षा घट्ट. वळून पाहिले तर खिडकीत जेनलिन उभी होती.

त्याच संध्याकाळी तिने तुला मेसेज केला. मी खूप बोलले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आई, तिथे मला 'लादी पुसता येते का' विचारतील. मी 'हो' म्हणेन. आणि ते खरं असेल."

आयुष्यभर मी मुलांना उभे करून उत्तरे मागितली. त्या वेळी मीच उभी होते आणि मला उत्तर आले नाही.

वर 'नाही' कळव असे लिहिले आहे. ते पान फाडता आले असते, फाडलेले नाही. पण तो हुकूम समजू नकोस. मी घाबरले आहे. तू स्वयंपाकघरात घडीच्या खाटेवर झोपतेस, हे तिला सांग. मालकीण कशी बोलते, तेही सांग. इतक्या वर्षांत मला सांगितले नाहीस तेही सांग. त्यानंतर ती विचारेल त्याचे खरे उत्तर दे, पण ते तिलाच दे. ते ऐकून ती काय ठरवेल, यात मी पडणार नाही.

माझ्याशी ती आता फक्त "हो आई" म्हणते.

जिच्यापुढे खरे बोलायची कुणाची हिंमत होत नाही,
ती तुझी मोठी बहीण,
पर्पेटुआ