सरांच्या गाडीला धक्का

२ मार्च २००३, लातूर
नवी गाडी आणली. चारही चाकं मॅगव्हील, म्हणजे चकचकीत मिश्रधातूची. अख्ख्या लातुरात फिजिक्सच्या दुसऱ्या कुठल्याही क्लासवाल्याकडे मॅगव्हील नाही. शिवांगीच्या मेडिकलच्या परीक्षेचं सेंटर नांदेडला आहे. संकल्प: माझी मुलगी तिथं यष्टीनं जाणार नाही. सौ. म्हणाली, माझी बहीण नांदेडातच हाय, आदल्या दिवशी जाऊन ऱ्हाऊ. मी म्हणालो, मग गाडी कशाला घेतली? ती म्हणाली, तेच तर मी इचारून राहिले.

९ मार्च
पुढच्या डाव्या चाकाला बारीक रेघ. नखाला लागते. नांदेडच्या शोरूमला फोन केला. नबील नावाचा सेल्समन म्हणाला, सर, तो क्रॅक न्हाई, डिझाइन हाय. बाकीच्या तिन्ही चाकांना का नाही, असं विचारलं. म्हणाला, तुमचं नशीब सर, एक स्पेशल आलंय. समाधान झालं.

संध्याकाळी
समाधान पूर्ण झालं नाही. भूकंपानंतर आम्ही भिंतीच्या तड्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख टाकायचो. पट्टी फाटली की समजायचं, तडा वाढतोय. तशीच पट्टी चाकावर चिकटवली. शास्त्रीय पद्धत.

१० मार्च
पट्टी फाटली. खळ पातळ झाली होती.

२१ मार्च, सकाळी
गाडी सुरू होईना. नवी गाडी! समोर ईश्वरप्पांचं होस्टेल, क्लासच्या पोरांनी ठासून भरलेलं. म्हटलं, ढकलतील. खिडकीतून ओरडलो, धक्का! धक्का!
भूकंपाला दहा वर्षं होत आली, पण लातुरात हा शब्द असा ओरडायचा नसतो, हे विसरलो. अख्खं होस्टेल रस्त्यावर. एकाच्या तोंडाला साबण, एकानं केमिस्ट्रीचं गाईड छातीशी धरलेलं. शेजारच्या रहमतबी शेळी घेऊन बाहेर. आलेच आहेत तर म्हणून ढकलून घेतलं. सुरू झाली.

२८ मार्च
आता रोज सकाळी हाक देतो. पोरं लवकर उठायला लागली. खरं तर ईश्वरप्पांनी आभार मानायला हवेत. उलट भांडायला आले. म्हणाले, सर, पोरं सपनात बी पळून राहिलीत. लोकांना शिस्त नको असते.

६ एप्रिल
मोटारमालक तक्रार मंच स्थापन केला. अध्यक्ष मी. उपस्थिती ईश्वरप्पांची. त्यांच्या जीपबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही, चहा घ्यायला आले होते. कंपनीला पाठवायची तक्रार वाचून दाखवली: चाकाला तडा, गाडी सुरू न होणे, वायपर फक्त उन्हात चालणे, ड्रायव्हरकडचं दार न लागणे. शेवटी जोरदार वाक्य टाकलं: 'आमचा पट्टा भूकंपाचा असून इथे जमीन कधीही हादरते, याची नोंद घ्यावी.' ईश्वरप्पा म्हणाले, हे कशाला लिवता? मी म्हणालो, वजन येतं.

२० एप्रिल
आज हाक दिली तर कुणी आलं नाही. रहमतबी अंगणातल्या बाजेवरूनच पोरांना म्हणाल्या, काय न्हाई रे, सरांची गाडी हाय, निजा. उद्या खरोखर काही झालं तर? लोक किती बेफिकीर झालेत. काळजी वाटते.
पट्टी आता लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची लावली आहे. फाटली नाही. म्हणजे तडा थांबला.

१४ मे
उद्या परीक्षा. सौ.नं बॅग भरली होती, मी रिकामी केली. शिवांगी रिकाम्या बॅगेपाशी आली. मग म्हणाली, पप्पा, पेपर चुकला तर वरीस जातं. तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हणून गाडी धुतली.

१५ मे
घडलं ते असं. सकाळी लवकर गाडीत जाऊन बसलो. हाक दिली. एकही दार उघडलं नाही. कपाळाला हात लावून बसलो, एवढ्यात गाडी थरथरली. सुरू झाली! आवाज नाही, धूर नाही, नुसती थरथर. इतकं गुळगुळीत इंजिन आयुष्यात ऐकलं नाही.
तेवढ्यात होस्टेलची पोरं धावत बाहेर आली. ईश्वरप्पा टॉवेलवर, रहमतबी शेळीसह. शिवांगीला निरोप द्यायला अख्खी गल्ली! ऊर भरून आला. हात हलवला. गाडी उताराला लागली. मी ऐटीत स्टिअरिंग फिरवलं. सौ. शिवांगीला ओढत बाहेर आली आणि किंचाळली, अहो, धक्का बसला! मी म्हणालो, बसला ना, मग बसा लवकर!
मग शिवांगीच्या हाताकडे लक्ष गेलं. चावी तिच्याकडे होती.
गाडी नालीच्या कठड्यावर जाऊन थांबली. पुढचं डावं चाक दुभंगलं. पुठ्ठ्याची पट्टी मात्र शाबूत आहे. चाक तिच्या दोन्ही बाजूंनी फुटलं.
भूकंप बारकाच होता. कुणाला खरचटलंही नाही. ईश्वरप्पांनी जीप काढून दोघींना स्टँडवर सोडलं. जाताना शिवांगीनं माझ्याकडे पाहिलं नाही. फार वाईट वाटलं.
दुपारपर्यंत फोनपाशी बसून राहिलो. मेहुणीच्या घरून फोन आला. वेळेवर पोचली, पेपर चांगला गेला. यष्टीत चाकूरपर्यंत झोपली म्हणे. माझ्या गाडीत तिला झोप लागली असती का? नसती. तेव्हा एका अर्थी नियोजन बरोबरच होतं.

१६ मे
नबीलचा फोन. चाक बदलून मिळणार नाही. म्हणाला, भूकंपाचं नुकसान वॉरंटीत बसत न्हाई सर, अन् जमीन हादरते हे तुम्हीच लेखी दिलंय.
गल्लीत कुणी घरात झोपायला तयार नाही. दिवस मावळताना रहमतबी उशी घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, सर, आज तुमच्या गाडीत निजते. अख्ख्या लातुरात न हलणारी एवढी एकच चीज हाय.
चावी पुढे केली. म्हणाल्या, राहू द्या, दार कुठं लागतंय?