हरवलेला फोटो आणि माझा तपास

तीर्थरूप आईस,
दुरूनच, पण वाकून नमस्कार.

आम्ही तिघी मैत्रिणी सुखरूप आहोत. मी वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

चिमणीला परिचारिकेची नोकरी लागली, त्या आनंदाची ही सहल. काल सकाळी मात्र तिच्या दिवंगत आईचा एकुलता एक फोटो सापडेना. तिला रडू आवरेना. रहस्यकथा वाचणारी मी एकटीच, म्हणून तपास माझ्याकडे आला. खोली झाडायला आलेल्या मावशींनाही मी भीत भीत चार प्रश्न विचारले.

मावशी म्हणाल्या, "पोरी, मी केर उचलते, फोटो नाही. तुमच्यात सगळ्यात विसराळू कोण, ते आधी सांग."

दोघींनी एकदम माझ्याकडे बोट दाखवले. मी रागाने पुस्तकात डोके घालायला गेले, तर उघडलेल्या पानावर चिमणीची आई हसत होती. आदल्या दिवशी फोटो पाहता पाहता मीच तो खूण म्हणून ठेवला होता!

चिमणीने आधी फटका दिला, मग मिठी मारली. "पोलीसही हीच आणि चोरही हीच!"

आई, तेव्हापासून एक शंका छळते आहे. आजोबांचे शेवटचे पोस्टकार्ड हरवले म्हणून तू वर्षभर दादाला बोल लावते आहेस. माझ्या कपाटातली पुस्तके एकदा झटकून पाहशील का? सापडले, तर दादाची क्षमा मी स्वतः येऊन मागेन. तोवर त्याला काहीतरी गोड करून घाल, कारण मात्र सांगू नकोस.

तुझीच,
विसराळू लेक