टेबल क्रमांक तीन

३ सप्टेंबर
पोचलो. खोली दहा बाय आठ. खाट, टेबल, खुर्ची आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्याची खिडकी. लोकप्रशासनाच्या मास्टर्सचं एक सेमिस्टर परदेशात, आणि वय सत्तेचाळीस. अख्ख्या ऑफिसातून निवड फक्त माझी झाली. साहेबांना वाटत असेल, चार महिने पीडा टळली. वाटू दे. याच माणसाने मार्चमध्ये माझ्या गोपनीय अहवालात 'समाधानकारक' असा शेरा मारला. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर समाधानकारक! त्या एका शब्दापायी उपप्रमुखाची खुर्ची हुकली. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. मी इथे शिकायला आलेलो नाही, उट्टं काढायला आलोय.

संकल्प : रोज पाचला उठणे.

४ सप्टेंबर, सकाळी ९.२०
उठलो. प्रवासाचा शीण. संकल्प सोमवारपासून.

९ सप्टेंबर
सामाईक फ्रिजमधलं माझं दही गायब. दारावर नोटीस लावली, जावक क्रमांक आणि दिनांकासह. तीन दिवसांत लेखी खुलासा मागवलाय. चोराला सोडणार नाही.

१० सप्टेंबर
खुलासा आला, तोंडी. शेजारच्या खोलीतली बाई तिच्या देशात अग्निशमन दलात अधिकारी आहे. मी मनातल्या मनात तिला बंबवाली म्हणतो. ती म्हणाली, दर सोमवारी नाव नसलेले सगळे डबे फेकतात, तशी पाटी फ्रिजवरच आहे. पाटी माझ्या नोटिशीखाली झाकली गेली होती. पाटीची जागाच चुकीची आहे.

१६ सप्टेंबर
देव आहे. प्रोजेक्टचा विषय : आपल्या ऑफिसातली एक रखडलेली फाइल घ्या, ती का रखडली ते शोधा आणि उपाय सुचवा. प्राध्यापकबाई म्हणाल्या, माणसांची नावं नकोत, टेबलांना नंबर द्या. माझी फाइल डोक्यात तयारच होती. शाळेसमोर गतिरोधक बसवण्याची, दोनशे बारा दिवस चाललेली. साहेब झाले टेबल क्रमांक चार. मी टेबल क्रमांक तीन.

फॉर्मवर एक चौकट होती : अंतिम अहवाल आपल्या कार्यालयाला परस्पर पाठवावा का? टिक केली. पत्ता साहेबांचा, आणि प्रत माहितीसाठी थेट त्यांच्या वरच्या साहेबांना. टिक करताना हाताला जे सुख झालं ते लग्नाच्या सहीच्या वेळीही झालं नव्हतं.

२१ सप्टेंबर
बायकोचा फोन. साहेबांनी घरी फोन करून चौकशी केली म्हणे. नीट पोचले का, तिकडे काही लागलं तर कळवा. तिला म्हटलं, हा माणूस केसाने गळा कापतो. ती म्हणाली, मला तर चांगले वाटले हो. माझ्याशी इतकी वर्षं संसार करूनही बाईला माणसं ओळखता येऊ नयेत, याचं वाईट वाटलं.

५ ऑक्टोबर
प्रकरण लिहून काढलं. टिपणीच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स मी सोबत आणली आहे. साहेबांच्या पापाचा पुरावा म्हणून फाइल कुठल्या टेबलावर कधी आली, कधी गेली, सगळ्या तारखा जोडल्या. बेरीज केली नाही. बेरीज हे लेखा शाखेचं काम. टेबल चारबद्दल 'अकार्यक्षम, अहंकारी' असं लिहिलं. टेबल तीनबद्दल 'अत्यंत दक्ष अधिकारी'. खरं ते लिहायला लाजायचं कशाला?

१४ ऑक्टोबर
गटात बंबवाली आहे. तिने विचारलं, टेबल तीनने अर्ज तीनदा परत का पाठवला? समजावलं. पहिल्यांदा समास सोडला नव्हता. दुसऱ्यांदा परिशिष्ट 'क' नव्हतं. तिसऱ्यांदा परिशिष्ट होतं, पण टाचणीने लावलेलं, दोऱ्याने नव्हे. ती म्हणाली, आमच्याकडे बंब सात मिनिटांत पोचला नाही तर चौकशी लागते. मग विचारलं, तेवढ्या दिवसांत शाळेतली मुलं रस्ता कशी ओलांडत होती? प्रश्न विषयाला सोडून होता.

६ नोव्हेंबर
आज वर्गात सादरीकरण. नवा शर्ट घातला. पद्धत अशी, की फाइल जितके दिवस एका टेबलावर पडून राहिली तितके कागदाचे चौकोन भिंतीवर चिकटवायचे. प्रत्येक टेबलाचा रंग वेगळा. साहेबांना मुद्दाम लाल दिला होता.

आवक शाखा, दोन चौकोन. टेबल एक आणि दोन मिळून पस्तीस. मग टेबल तीनचा पिवळा सुरू झाला. भिंत संपली. कोपरा वळून खिडकीखालून दारापर्यंत गेला. बंबवालीचे पिवळे कागद संपले, तिने शेजारच्या वर्गातून मागून आणले. एकशे एकाहत्तर. शेवटी साहेबांचे लाल आले, चार. त्यांतले दोन शनिवार-रविवार.

मग प्राध्यापकबाईंनी विचारलं, या टेबलाला 'अत्यंत दक्ष' असं नेमकं कोण म्हणालं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला घाम फुटला. नवा शर्ट चिकटला.

गटाने एकमताने उपाय सुचवला : टेबल क्रमांक तीन रद्द करावं. अहवालाला जोडायच्या शिफारशीवर गटातल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. आढेवेढे घेतले असते तर ते टेबल माझंच आहे हे उघड झालं असतं. केली.

७ नोव्हेंबर, सकाळी ८.५५
विद्यापीठाचं ऑफिस उघडायच्या आधीच दारात उभा. अहवाल मागे घेण्याचा अर्ज समास सोडून लिहिला होता. काउंटरवरची बाई म्हणाली, तो कालच संध्याकाळी गेला, वरच्या साहेबांची प्रतसुद्धा. इथे आजचं काम उद्यावर ठेवत नाहीत. असल्या घाईने देश कसा चालतो कोण जाणे.

१० नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. साहेब काहीच वाचत नाहीत, सह्या करतात. अहवाल ब्याऐंशी पानांचा आहे. शिवाय माझ्या गैरहजेरीत तिकडे कामाचा डोंगर साचला असणार. परत गेलो की हात जोडून समोर येतील. तेव्हा एकेकाला बघून घेईन.

२ डिसेंबर
साहेबांचं पत्र आलं. स्कॅन करून, सहीनिशी, दीड पान.

त्यांनी ब्याऐंशी पानं वाचली आहेत. पान चाळीसवरच्या 'अहंकारी' या शब्दाखाली रेघ मारून 'दखल घेतली' असं लिहिलंय. पुढे लिहितात, आपली शिफारस वरिष्ठांनी मान्य केली आहे. आपण गेल्यापासून टेबल तीन रिकामंच असल्याने फाइली थेट दोनवरून चारवर जात होत्या. काही अडचण आली नाही, तेव्हा तीच पद्धत कायम करत आहोत. स्वतःचंच टेबल काढा असं लिहायला मोठं मन लागतं, असा अधिकारी त्यांनी आजवर पाहिला नव्हता. म्हणून त्यांनी माझा गोपनीय अहवाल पुन्हा उघडून शेरा बदलण्याची परवानगी घेतली आहे. नवा शेरा : उत्कृष्ट.

तीनदा वाचलं. शिवी कुठेच नाही. असती तर बरं झालं असतं. ज्या माणसाला मार्चपासून मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याला आता आभाराचं पत्र लिहायचंय आणि पहिली ओळ सुचत नाही.

बायकोला फोन करून सांगितलं, उत्कृष्ट मिळाला. ती खूश झाली, माझ्या आईलाही ओरडून सांगितलं. मग म्हणाली, चांगलं झालं हो, पण आता ऑफिसात बसणार कुठे?

म्हटलं, त्याबद्दल पत्रात काही नाही.